पारा चढला, की पेटी हलली?

३० मे २०२४ रोजी, ऐन नवतप्यात, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस कमाल तापमान दाखवले. दुसऱ्या एका केंद्राने ५४ दाखवले. भारतात आजवर अधिकृतपणे नोंदले गेलेले सर्वाधिक तापमान राजस्थानातल्या फलोदीचे आहे, १९ मे २०१६ चे, ५१ अंश. नागपूरने फलोदीला पाच अंशांनी मागे टाकले, ही बातमी काही तासांत सगळीकडे पोहोचली. पण त्याच दिवशी नागपूर आणि परिसरातल्या आणखी दोन स्वयंचलित केंद्रांवर ४४ अंशांच्या आसपास तापमान होते. हवामान विभागाने तपासणी केली तेव्हा सेन्सर बिघडल्याचे निघाले. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. तिथेही प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्यावर सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले.

अशी चूक पकडायला सोपी असते. ५६ हा आकडाच ओरडून सांगतो की माझ्याकडे बघा. हवामानाच्या नोंदींना खरा धोका आहे तो अर्ध्या-पाऊण अंशाच्या गुपचूप बदलाचा. एखाद्या केंद्राची पेटी शंभर पावले सरकवली, तिच्याशेजारी सिमेंटचा रस्ता झाला, पाऱ्याचा तापमापक काढून इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवला, की त्या दिवसापासून प्रत्येक नोंद थोडी वर किंवा थोडी खाली जाते. कुणाच्या लक्षात येत नाही, बातमी होत नाही, आणि तीस वर्षांनी कुणी आलेख काढला की तो म्हणतो, इथले हवामान बदलले. नोंदींच्या मालिकेतल्या अशा जागेला ब्रेक पॉइंट म्हणतात. त्या जागा शोधणारी संगणकीय साधने आता पुष्कळ आहेत. पण साधनाने दाखवलेला कोणता ब्रेक ठेवायचा, कोणता खोडायचा, कोणता पुढे-मागे सरकवायचा, हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते, आणि हवामानबदलाच्या आकड्यांचा भरवसा त्या निर्णयावर उभा असतो.

हा विषय नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या माणसाने का समजून घ्यावा? कारण काटोलचे पोट संत्र्यावर आहे आणि संत्र्याचा हंगाम तापमानावर. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाड ताणावर सोडतात. ताण तोडल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात, आणि बोराएवढे-लिंबाएवढे झालेले फळ एप्रिल-मेच्या उन्हात सापडते. कडक ऊन आणि गरम वारा सलग राहिला की फळगळ सुरू होते. मृग बहाराचा ताण तर मे महिन्यातच द्यायचा असतो. उन्हाळे खरोखर तापत चालले असतील तर पाण्याचे नियोजन, आच्छादन, बहाराची निवड, सगळेच नव्याने ठरवावे लागेल. ते तापत नसून फक्त पेटी हलली असेल, तर तीच शिफारस शेतकऱ्याला नाहक खर्चात घालेल.

शिवाय पैसा थेट अंशाला बांधलेला आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या केंद्राने नोंदवलेले तापमान सलग काही दिवस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की भरपाई लागू होते. याच कामासाठी राज्यात महावेध प्रकल्पाखाली मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. त्यांतले पहिले २०१७ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावला सुरू झाले. मर्यादेच्या काठावर अर्धा अंश इकडे की तिकडे, यावर एका मंडळातल्या सगळ्या बागायतदारांचा दावा ठरू शकतो.

आता पाऊण अंश म्हणजे किती मोठी गोष्ट, ते पाहू. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. एका केंद्राची पेटी मोकळ्या शेतातून इमारतीच्या भिंतीजवळ आणली तर तेवढाच फरक एका दिवसात पडू शकतो. शतकाहून अधिक काळाची खरी वाढ आणि एका दुपारची हलवाहलव, दोन्ही आकड्यात सारखीच दिसतात. म्हणून हवामानशास्त्रात नोंद वापरण्याआधी ती एकजिनसी आहे का, हे तपासणे अटळ असते.

तापमापक ठेवतात ती पांढरी, झडपांची लाकडी पेटी स्टीव्हन्सन स्क्रीन या नावाने ओळखली जाते. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ती एकोणिसाव्या शतकात तयार केली. पेटी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, गवतावर, मोकळ्या जागी असावी आणि तिचे दार उत्तरेला उघडावे, म्हणजे नोंद घेताना ऊन आत पडत नाही. या प्रत्येक अटीमागे कारण आहे, आणि प्रत्येक अट मोडली की वेगळ्या प्रकारचा ब्रेक तयार होतो. रंग उडून पेटी काळपट झाली तर कमाल तापमान चढते, किमान जवळपास तसेच राहते. केंद्र सखल जागी नेले तर उलट होते, कारण हिवाळ्याच्या रात्री थंड हवा उताराने तिथे साचते आणि किमान तापमान उतरते. रोजची नोंद घेण्याची वेळ बदलली तरी मासिक सरासरी सरकते. म्हणून कमाल आणि किमान यांच्या मालिका वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. दोघांची सरासरी काढून तपासली तर एकाची उडी दुसऱ्यात विरून जाते.

विदर्भात याला ऋतूचाही पदर आहे. काळवंडलेल्या पेटीचा दोष मे महिन्याच्या कोरड्या, निरभ्र दुपारी सगळ्यात जास्त दिसतो. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तो जवळजवळ नाहीसा होतो. वर्षाची सरासरी घेऊन तपासणाऱ्याला ही उडी लहान वाटेल आणि तो ती सोडून देईल, पण ज्या महिन्यात संत्रे गळते त्या महिन्यात ती सगळ्यात मोठी असेल.

संगणक ब्रेक कसा शोधतो, ते तत्त्व अवघड नाही. काटोलचे तापमान एकटे पाहून काही कळत नाही. एखादे वर्ष एल निनोमुळे तापले असेल, एखाद्या वर्षी अवकाळीने मे थंड ठेवला असेल. पण तो उन्हाळा नरखेडला, वरुडला, वर्ध्याला आणि नागपूरलाही तसाच गेलेला असतो. म्हणून काटोलच्या आकड्यातून शेजारच्या केंद्रांची सरासरी वजा करतात. उरलेल्या फरकात खरे हवामान बहुतांशी निघून जाते आणि फक्त काटोलच्या केंद्राचे म्हणून जे काही आहे ते उरते. या फरकाच्या मालिकेत संगणक प्रत्येक शक्य तारखेला मालिका दोन तुकड्यांत विभागतो, दोन्ही बाजूंच्या सरासऱ्या ताडतो, आणि जिथे अंतर योगायोगाने पडण्यासारखे नाही तिथे ब्रेक सुचवतो. स्वीडनच्या हान्स अलेक्झांडरसन यांनी १९८६ मध्ये मांडलेली चाचणी अशा पद्धतींत बरीच प्रसिद्ध आहे. त्याआधीची १९७९ ची पेटिट चाचणीही आजवर वापरात आहे. कॅनडाच्या पर्यावरण खात्यात शिओलान वांग आणि यांग फेंग यांनी तयार केलेला आरएचटेस्ट्स आणि स्पेनच्या होसे गिहारो यांचा क्लायमेटॉल हे दोन संच सध्या जगभर चालतात. दोन्ही फुकट मिळतात आणि आर या संगणकीय भाषेत चालतात.

आरएचटेस्ट्समधली एक सोय मला फार महत्त्वाची वाटते. तो सापडलेल्या ब्रेकची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये देतो आणि ती फाइल वापरणाऱ्याने स्वतः दुरुस्त करावी अशीच त्याची रचना आहे. यादीत दोन जातींचे ब्रेक येतात. काही इतके ठळक असतात की कागदोपत्री पुरावा नसला तरी आकडेशास्त्र त्यांना मान्यता देते. काही अशक्त असतात. केंद्राच्या इतिहासात त्या तारखेला खरोखर काही घडल्याची नोंद असेल, तरच ते ग्राह्य धरायचे. म्हणजे संगणक स्वतःच सांगतो की पुढचा पुरावा माझ्याजवळ नाही, तो तुमच्या कपाटात आहे.

एक उदाहरण रचून पाहू. यातले आकडे कल्पित आहेत, पण प्रश्न रोजच्या कामातले आहेत. समजा काटोल परिसरातल्या एका केंद्राची १९८१ ते २०२० ची कमाल तापमानाची मालिका आपल्यासमोर आहे आणि संगणकाने चार ब्रेक सुचवले आहेत: १९८२, १९९७, मे २००३ आणि २०१६.

१९८२ चा ब्रेक मालिकेच्या अगदी तोंडाशी आहे. त्याच्या आधी जेमतेम वर्षभराच्या नोंदी आहेत. एवढ्या तोकड्या तुकड्याची सरासरी एखाद्या विचित्र उन्हाळ्यानेही हलते. मालिकेच्या दोन्ही टोकांना खोटे ब्रेक जास्त निघतात, हे जुन्या चाचण्यांचे ज्ञात दुखणे आहे. वांग यांच्या पद्धतीत ते कमी करण्यासाठी खास भार लावलेला असतो, तरी सावध राहिलेले बरे. केंद्राच्या नोंदवहीत काही नाही, तेव्हा हा ब्रेक खोडायचा.

१९९७ चा अधिक फसवा आहे. फरकाच्या मालिकेत उडी स्पष्ट दिसते. पण काटोलची तुलना एकेका शेजाऱ्याशी स्वतंत्रपणे केली तर उडी एकाच शेजाऱ्याबरोबर दिसते, बाकीच्यांबरोबर नाही. मग बदल काटोलला झालेला नाही, त्या शेजाऱ्याकडे झाला आहे. इथे काटोलची मालिका दुरुस्त केली तर निरोगी नोंदीला दुसऱ्याचे औषध दिल्यासारखे होईल. अमेरिकेत मॅथ्यू मेन आणि क्लॉड विल्यम्स यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत याच कारणासाठी प्रत्येक केंद्राची प्रत्येक शेजाऱ्याशी जोडी लावते, आणि ज्याचे नाव सगळ्या बिघडलेल्या जोड्यांत येते त्यालाच दोषी धरते.

मे २००३ ची उडी ०.७ अंशाची आहे. वहीत नोंद सापडते: जानेवारी २००३ मध्ये पेटी शेताच्या कडेवरून कार्यालयाच्या इमारतीजवळ आणली. संगणकाने चार महिने उशिराची तारीख दिली, कारण हिवाळ्यात फरक लहान होता आणि उन्हाळ्यात उघड झाला. इथे ब्रेक ठेवायचा आणि तारीख जानेवारीला सरकवायची. हा ब्रेक दुर्लक्षित राहिला असता तर चाळीस वर्षांच्या मालिकेत दर दशकाला सुमारे पाव अंशाची तापमानवाढ नुसती पेटी हलवण्यातून निघाली असती.

उरला २०१६. उडी लहान, आकडेशास्त्राच्या काठावरची. पण वहीत आहे की त्या वर्षी स्वयंचलित सेन्सर बसला. घाई इथे घातक ठरते. एक ब्रेक खोडला की शेजारचे तुकडे लांब होतात आणि बाकीच्या सगळ्या उड्यांचे माप बदलते. म्हणून आरएचटेस्ट्सची शिस्त अशी की सगळ्यात अशक्त ब्रेक आधी काढायचा, एकच काढायचा, आणि यादी पुन्हा चालवून मापे नव्याने घ्यायची. दोन-तीन ब्रेक एकदम खोडणाऱ्याच्या हातून खरा ब्रेकही जाऊ शकतो. आपल्या उदाहरणात खोटे दोन निघून गेल्यावर २०१६ ची उडी पुरेशी ठळक होते आणि कागदाचा आधारही तिला आहे. ती ठेवायची.

हे वाचून वाटेल की वही हाती असली की काम सोपे. तसे नाही. नोंदवहीत लिहिलेल्या प्रत्येक घटनेने उडी पडतेच असे नाही. निरीक्षक बदलला, कुंपण नवे घातले, तरी तापमान तसेच राहू शकते. कागदावर आहे म्हणून ब्रेक घालणे हेही तितकेच चूक. शिवाय काही बदल उडीने येतच नाहीत. केंद्राभोवती शहर हळूहळू वाढते आणि रात्री उबदार होत जातात. किंवा पेटीच्या चहूबाजूंनी संत्र्याचे बगीचे लागतात, ओलीत वाढते आणि दुपार थोडी नरमते. अशा चढावर संगणक पायऱ्या खोदतो आणि पाच-सहा लहान ब्रेक दाखवतो. ते सगळे स्वीकारायचे का? काटोल तालुक्याचे खरे हवामान जाणून घ्यायचे असेल तर शहराचा परिणाम वेगळा काढलाच पाहिजे. पण शहरातल्या माणसाला किती उकडते हे पाहायचे असेल तर तोच परिणाम आपला विषय आहे. उत्तर प्रश्नावर अवलंबून असते, आणि प्रश्न कोणता होता हे संपादन करणाऱ्याने लिहून ठेवलेच पाहिजे.

शेजाऱ्यांशी तुलना करण्याच्या पद्धतीला एक मोठी आंधळी बाजूही आहे. सगळ्या केंद्रांत एकाच वेळी बदल झाला तर फरक शून्य येतो आणि संगणकाला काहीच दिसत नाही. भारतात पूर्वी अनेक ठिकाणी तापमापक गवताने शाकारलेल्या उघड्या छपराखाली टांगत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांची जागा स्टीव्हन्सन पेटीने घेतली. आताही तसेच घडते आहे. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध आणणारा मिनामाता करार २०१७ पासून अमलात आहे आणि जगभर पाऱ्याचे तापमापक जाऊन सेन्सर येत आहेत. हा बदल नंतर संगणकाने शोधता येत नाही. तो घडत असतानाच मोजावा लागतो, जुने आणि नवे उपकरण शेजारी-शेजारी चालवून.

हे कसे करावे याचा उत्तम धडा महाराष्ट्रातच आहे, तापमानाचा नसून चुंबकीय क्षेत्राचा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने या नोंदी नासणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. १९०४ मध्ये तिथे काम सुरू झाले, पण कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्ही ताडून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवल्या. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. ती दोन वर्षे कुणी वाचवली असती तर कुलाबा-अलिबागची दीर्घ मालिका मध्येच तुटलेली राहिली असती आणि आज कोणतेही सॉफ्टवेअर ती खात्रीने जोडू शकले नसते.

ब्रेक निश्चित झाल्यावर दुरुस्ती होते. साधारणपणे आजचे केंद्र प्रमाण मानून जुने तुकडे त्याच्या पातळीला आणतात. इथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे सरासरीतली उडी सगळ्या दिवसांना सारखी लागू नसते. ३० अंशाच्या दिवशी पेटीचा दोष ०.३ असेल तर ४६ अंशाच्या दिवशी तो १ अंशही असू शकतो. म्हणून रोजच्या नोंदींसाठी थंड, मध्यम आणि अतितप्त दिवसांना वेगवेगळी दुरुस्ती देणाऱ्या पद्धती वापरतात. मासिक सरासरीसाठी काढलेला आकडा उष्णतेच्या लाटेतल्या एकेका दिवसावर चिकटवू नये. विमा दाव्यातही तो वापरू नये. तिथे हवी असते त्या दिवसाची मूळ नोंद आणि त्या उपकरणाची तपासणी.

दुसरी गोष्ट विश्वासाची. तापमान 'दुरुस्त' करतात म्हणजे आकडे हवे तसे वाकवतात, हा आरोप जगभर होतो. तो खोडून काढायला एक वस्तुस्थिती पुरेशी आहे: समुद्राच्या नोंदींसह सगळ्या जगाचा हिशेब घेतला तर दुरुस्त आकडे शतकभरातली तापमानवाढ मूळ आकड्यांपेक्षा किंचित कमीच दाखवतात. पण एकेका केंद्राबाबत शंका घेणाऱ्याला उत्तर द्यायचे तर व्यवस्था सातबाऱ्यासारखी हवी. सातबाऱ्यावर नाव बदलते तेव्हा जुनी नोंद नाहीशी होत नाही. ती कंसात जाते, समोर फेरफार क्रमांक येतो, आणि कोणत्या आधारावर बदल झाला हे फेरफार नोंदवहीत कुणालाही पाहता येते. तापमानाच्या मालिकेतही प्रत्येक ब्रेकला असा फेरफार असला पाहिजे: संगणकाने दिलेली तारीख, ठेवलेली तारीख, उडीचे माप, आधार, आणि निर्णय घेणाऱ्याचे नाव. खोडलेल्या ब्रेकचीही नोंद हवी, कारण उद्या एखादी जुनी वही सापडली तर तोच ब्रेक परत आणावा लागेल. मूळ आकड्यांची फाइल कधीही बदलायची नाही, दुरुस्त मालिका नेहमी वेगळी ठेवायची. हे न करता केलेली दुरुस्ती, ती कितीही बरोबर असली, तरी मी ग्राह्य धरणार नाही.

काटोलसारख्या तालुक्यांत आता कृषी संशोधन केंद्रे, महाविद्यालये, शाळा आणि काही बागायतदार स्वतःची हवामान उपकरणे चालवतात. त्या सगळ्यांना विनंती आहे. उपकरण बसवलेल्या जागेचे चारही दिशांनी फोटो काढा आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा काढा. पेटीला रंग दिला, सेन्सर बदलला, शेजारचे झाड तोडले, विहिरीवर नवी खोली बांधली, की त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा. उपकरण बदलायचे असेल तर जुने लगेच काढू नका, निदान एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा दोन्ही शेजारी चालू द्या. आणि कार्यालय आवरताना वेधशाळेच्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. त्या हवामान विभागाच्या नागपूर किंवा पुणे कार्यालयाला दाखवा.